डीव्हीडीतली क्लिप स्लाइडमध्ये कशी घालावी

मी फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना माणसाची चाल वाचायला शिकवते. टाच कधी टेकली, गुडघा किती वाकला, कंबर कुठल्या बाजूला झुकली, हे स्थिर चित्रात दिसत नाही. आमच्या विभागातली जुनी रेकॉर्डिंग्ज डीव्हीडीवर आहेत आणि त्यातले दहा-दहा सेकंदांचे तुकडे माझ्या प्रत्येक व्याख्यानात लागतात. ते स्लाइडमध्ये कसे आणायचे, ते सांगते.

डिस्क उघडली की व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर दिसतं. त्यातल्या .व्हीओबी फाइल्समध्ये चित्र आणि आवाज असतो. या फाइल्स साधारण १ जीबीच्या तुकड्यांत तोडलेल्या असतात, त्यामुळे एकच प्रसंग दोन फाइल्समध्ये विभागलेला असू शकतो. काहीजण .व्हीओबीचं नाव बदलून .एमपीजी करतात आणि तीच फाइल स्लाइडवर टाकतात. हे करू नका. आतलं चित्र एमपीईजी-२ पद्धतीचंच राहतं. तुमच्या संगणकावर ते चाललं तरी सभागृहातल्या संगणकावर चालेलच असं नाही. पॉवरपॉइंटला द्यायची ती एमपी४ फाइल, चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी या पद्धतीने साठवलेला.

आधी ते पूर्ण फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. ओरखडे पडलेली डिस्क पुन्हा पुन्हा फिरवण्यात अर्थ नाही. घरगुती रेकॉर्डरवर केलेली डिस्क संगणकाला रिकामी दिसत असेल, तर बहुधा ती फायनलाइज करायची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी पूर्ण करायची राहिलेली असते. ते काम शक्यतो त्याच रेकॉर्डरवर करावं.

रूपांतरासाठी मी हँडब्रेक हे सॉफ्टवेअर वापरते. ते मोफत आहे. कॉपी-संरक्षण असलेल्या विकतच्या डिस्क ते उघडत नाही. तशा डिस्कमधला भाग हवा असेल तर हक्कधारकाकडून परवानगी आणि फाइल दोन्ही मागा.

फोल्डर हँडब्रेकमध्ये ओढून टाका आणि टायटल, म्हणजे डिस्कवरचा हवा तो सलग व्हिडिओ, निवडा. रेंजच्या जागी चॅप्टर्सऐवजी सेकंद घ्या. हवा तो क्षण आधी व्हीएलसी प्लेअरमध्ये शोधून वेळ टिपून ठेवा. तिथे ई कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेकंद जास्तीचे घ्या, नेमकी काटछाट नंतर करता येते. पाल या भारतातल्या टीव्ही-पद्धतीच्या डिस्कचं चित्र ७२० × ५७६ असतं, तिच्यासाठी ५७६पी२५चा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, निवडा; एनटीएससी या अमेरिकी पद्धतीच्या डिस्कसाठी ४८०पी३०. क्वालिटी आरएफ २० ठेवली तर चित्र चांगलं राहतं आणि फाइलही आटोपशीर होते.

आता फिल्टर्स. डीव्हीडीवरचं कॅमेऱ्याचं चित्रण बहुधा इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या असतात. संगणकाच्या पडद्यावर हलणाऱ्या पायाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उठतात. व्याख्यात्याच्या चेहऱ्यावर त्या खपून जातील, पावलावर अजिबात नाही. डीकोम्ब चालू केला की त्या जातात. हालचाल वेगाची असेल तर त्यातला बॉब पर्याय घ्या, तो त्या दोन क्षणांची दोन वेगळी चित्रं करतो, आणि पाल डिस्कसाठी फ्रेमरेट ५० करा. मग दोन चित्रांमधलं अंतर ४० मिलिसेकंदांऐवजी २० मिलिसेकंदांवर येतं, आणि टाच टेकण्याचा क्षण हाताला लागतो.

रुग्णाचा चेहरा दिसत असेल तर तोही इथेच कापा. डायमेन्शन्समध्ये क्रॉपिंग हाताने भरता येतं. पॉवरपॉइंटमधला क्रॉप कापलेला भाग फक्त झाकतो. फाइल ज्याच्या हाती जाईल तो क्रॉप काढून चेहरा पाहू शकतो. ज्या माणसाने विश्वासाने आपलं चालणं आपल्याला चित्रित करू दिलं, त्याच्याशी असं होता कामा नये.

पॉवरपॉइंट २०१० आणि पुढच्या आवृत्त्यांत इन्सर्ट, मग व्हिडिओ, मग आपली फाइल निवडली की क्लिप प्रेझेंटेशनच्या आतच बसते. त्याआधीच्या आवृत्त्या फक्त दुवा ठेवतात, म्हणून व्हिडिओ त्याच फोल्डरमध्ये ठेवून दोन्ही सोबत न्यावे लागतात. प्लेबॅकमध्ये ट्रिम व्हिडिओ उघडा आणि फ्रेम-फ्रेम सरकवत सुरुवात-शेवट पक्के करा. मी एक टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतची पूर्ण चक्रं घेते आणि ‘लूप अनटिल स्टॉप्ड’वर खूण करते, मग चाल न अडखळता फिरत राहते आणि विद्यार्थ्यांना बघायला वेळ मिळतो. पोस्टर फ्रेमला, म्हणजे क्लिप सुरू होण्याआधी दिसणाऱ्या चित्राला, बोलका क्षण निवडा, नाहीतर कधीकधी स्लाइडवर नुसता काळा चौकोन दिसतो.

डीव्हीडीचं चित्र पडदाभर ताणू नका. स्लाइडच्या दोन-तृतीयांश भागात ते नीट दिसतं आणि शेजारी दोन ओळी लिहायला जागा उरते. आकार बदलताना कोपऱ्यातूनच ओढा. बाजूने ओढलंत तर पायांची लांबी-रुंदी बिघडते आणि सांध्याचे कोन चुकीचे दिसतात.

व्याख्यानाच्या जागी फाइल पेनड्राइव्हवरून न चालवता संगणकावर उतरवून घ्या आणि प्रत्येक क्लिप स्लाइड शोमध्ये एकदा चालवून बघा. शिकवताना अल्ट आणि पी दाबलं की क्लिप थांबते, पुन्हा दाबलं की सुरू होते.