जुनं एक-इंजिनी विमान घेताना आणि सांभाळताना

जुनं विमान बघायला गेलं की बहुतेक जण आधी इंजिनाचे तास विचारतात. मी आधी विचारतो, गेल्या दोन-तीन वर्षांत हे उडालं किती?

सेस्ना १७२ या छोट्या एक-इंजिनी विमानाचं उत्पादन १९८६ मध्ये थांबलं आणि १९९६ मध्ये पुन्हा सुरू झालं. त्यामुळे विक्रीला येणाऱ्यांत त्याआधीची विमानं भरपूर असतात. त्यांतल्या पुष्कळांमध्ये लायकमिंग कंपनीचं ओ-३२० इंजिन सापडतं. या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर बसवलेला असतो. विमान उभं राहिलं की त्यावरचं तेल ओघळून जातं, ओलाव्याने त्याच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यांवर, गंज चढतो आणि पुन्हा उडायला लागल्यावर तो पृष्ठभाग सोलवटत जातो. ओव्हरहॉलसाठी, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधण्यासाठी, २००० तासांची मर्यादा सगळ्यांना पाठ असते, सोबतची १२ वर्षांची शिफारस मात्र विसरली जाते. वीस वर्षांत जेमतेम चारशे तास झालेल्या इंजिनापेक्षा मी सतत उडालेलं बाराशे तासांचं इंजिन घेईन.

उडायला जमलं नाही म्हणून जमिनीवरच दहा मिनिटं इंजिन चालवू नका. तेल पुरेसं तापत नाही आणि ज्वलनातून तयार झालेलं पाणी आत साठतं. उडवायचंच, आणि तेल ८० अंश सेल्सिअसच्या आसपास काही काळ राहील इतकं.

तेल दर ५० तासांनी बदला, फिल्टरऐवजी नुसती जाळी असेल तर २५ तासांनी. कमी उडत असलात तरी चार महिन्यांपलीकडे जाऊ नका. माझं मन सगळ्यात जास्त रमतं ते त्यानंतरच्या कामात. मेकॅनिकसोबत जुना फिल्टर कटरने कापायचा, आतला घडीचा कागद पिळून उलगडायचा आणि उन्हात तिरका धरायचा. काळे, बोटाने चुरडणारे कण कार्बनचे. काही चमकलं तर चुंबक लावा. चिकटलं तर पोलाद, म्हणजे संशय कॅम, टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) किंवा गिअरवर. नाही चिकटलं तर पिस्टन किंवा बेअरिंगकडे बघायचं. दरवेळी तारखेसह फोटो ठेवा. एका फिल्टरवरून फारसं कळत नाही, ओळीने चार पाहिले की इंजिनाची चाल समजते.

कॉम्प्रेशन टेस्टमध्ये सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती टिकते ते मोजतात. तिथेही आकड्याइतकंच कान देऊन ऐका. हवेची सुसू एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा.

खरेदीपूर्व तपासणी विकणाऱ्याच्या नेहमीच्या मेकॅनिककडून करून घेऊ नका. लॉगबुकं, म्हणजे विमानाच्या उड्डाण-दुरुस्तीच्या नोंदवह्या, पहिल्या पानापासून वाचा. एअरवर्दीनेस डिरेक्टिव्ह (विमान सुरक्षित राहावं म्हणून नियामकाने काढलेले सक्तीचे आदेश) पूर्ण केल्याच्या नोंदी एकेक जुळवा. एखादं लॉगबुक हरवलेलं असेल तर मी तरी तो सौदा सोडतो.

हँगर, विमा आणि वार्षिक तपासणीचा खर्च विमान उभं असतानाही चालूच असतो. ओव्हरहॉलच्या खर्चाला इंजिनाच्या उरलेल्या तासांनी भागा आणि येईल ती रक्कम प्रत्येक तासामागे बाजूला टाका. मॅग्नेटो (स्पार्क प्लगला वीज पुरवणारी यंत्रं) साधारण ५०० तासांनी उघडून तपासावे लागतात, त्याची तरतूद वेगळी धरा.