जुना ट्रान्झिस्टर पुन्हा बोलता करताना

माळ्यावरून काढलेल्या रेडिओत लगेच सेल घालू नका. आधीचे सेल आतच गळले असतील तर स्प्रिंगवर पांढरा-हिरवट थर चढतो आणि वीज पुढे जात नाही. साध्या सेलचा थर खायच्या सोड्याच्या ओल्या बोळ्याने, अल्कलाइनचा व्हिनेगरने पुसा. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा. नवे सेल सगळे एकदमच घाला.

आवाज वाढवताना खरखर होते ती बहुतेक खानदेशातल्या धुळीने. रेडिओ बंद ठेवून व्हॉल्यूमच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेचे जोड साफ करायच्या स्प्रेचा) एक फवारा मारा, बटण वीस वेळा फिरवा. तेल नकोच, धूळ आणखी चिकटते.

मीडियम वेव्हला वर ओढायची दांडी कामाची नाही. खरा अँटेना म्हणजे आतली काळी फेराइटची कांडी, म्हणून रेडिओच फिरवायचा. कांडीचं टोक स्टेशनकडे आलं की आवाज मरतो, कांडी स्टेशनच्या दिशेला आडवी झाली की भरतो. धुळ्यात बसून पूर्वेचं, जळगावकडचं स्टेशन धरायचं तर रेडिओची लांब बाजू, म्हणजे आतली कांडी, दक्षिणोत्तर ठेवा.

पत्र्याच्या खोलीत सिग्नल दबतो, ओट्यावर बसा. घूंऽऽ आवाज आला तर एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर बंद करून पाहा. दिवेलागणीनंतर लांबची स्टेशनं मिसळू लागतात, तेव्हा नको असलेल्याकडे कांडीचं टोक करा.