इंग्लंडमध्ये आईबाबांसाठी केअर होम बघताय? मग हे विचाराच

बाग, पडदे वगैरे नंतर बघा हो, आधी मॅनेजरला विचारा की हॉस्पिटलमधून कोणी थेट इथे आलं तर काय करता. कोविडच्या सुरुवातीला, १७ मार्च २०२०ला, एनएचएसने (तिथली सरकारी आरोग्यसेवा) हॉस्पिटलचे बेड मोकळे करा म्हणून पत्र काढलं आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत साधारण २५,००० पेशंट केअर होममध्ये गेले, सगळ्यांची कोविड टेस्ट करायचं ठरलं ते १५ एप्रिलला, आणि लक्षणं नसलेल्यांनाही वेगळं ठेवा हे न सांगणं २०२२मध्ये हायकोर्टाने बेकायदेशीर ठरवलं. म्हणून वेगळी खोली आहे का, तिला स्वतःचं बाथरूम आहे का, दार उघडून बघा, लाजू नका.

दुसरा प्रश्न बरेच जण विसरतात, स्टाफ आजारी पडला तर पगार मिळतो का? तेव्हा फर्लोवर, म्हणजे काम बंद म्हणून सरकारी मदतीवर, घरी बसलेल्यांना ८०% पगार, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत, आणि कितीतरी केअररना आजारपणात नुसता सरकारी सिक पे, आठवड्याला ९५.८५ पौंड! मग अंगात कणकण असली तरी बाई पॅरासिटामॉल खाऊन कामावर येणारच ना, तिला भाडं भरायचंय. एजन्सीचा स्टाफ दोन-तीन होम्समध्ये फिरतो का तेही विचारा, उत्तर गोलगोल आलं तर समजा फिरतो.

केअर होम तपासणाऱ्या सीक्यूसी या सरकारी संस्थेचा रिपोर्ट ऑनलाइन फुकट मिळतो, नुसतं रेटिंग नको, तारीखही बघा. भेटायला येऊ देत नाहीत? एप्रिल २०२४पासून अगदी अपवाद सोडता अडवता येत नाही, कारण लेखी मागा.