आयसीयूत शुद्धीवर आले पण हातपाय हलेनात, तर घरच्यांनी काय करायचं

आईला सेप्सिस, म्हणजे अंगभर भिनलेला गंभीर जंतुसंसर्ग, झाला होता, इथंच सोलापुरात आयसीयूत होती, त्यातले ११ दिवस व्हेंटिलेटरवर. शुद्धीवर आली, आम्हाला ओळखलं, पण हात उचल म्हटलं की नुसती बोटं हलायची आणि आम्ही समजलो अशक्तपणा आहे, नारळपाणी पोटात गेलं की येईल ताकद. तसं नसतंय. एवढ्या मोठ्या आजारात हातापायाच्या नसाच खराब होतात, स्नायूपण. क्रिटिकल इलनेस पॉलिन्यूरोपथी म्हणतात याला, १९८४ मध्ये कॅनडातल्या डॉ. बोल्टन यांनी हे मांडलं.

लकवा वेगळा. यात दोन्ही बाजू सारख्याच ढिल्या पडतात, चेहरा बहुतेक वेळा वाचतो. एकच बाजू गेली किंवा तोंड वाकडं झालं तर थांबू नका, त्याच मिनिटाला नर्सला सांगा.

फुफ्फुस सुधारलंय तरी व्हेंटिलेटर सुटत नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, नसांची तपासणी म्हणजे एनसीव्ही करायची का. याच्यावर खास असं औषध नाही, म्हणून शुगर ताब्यात ठेवणं आणि फिजिओ लवकर चालू करणं यालाच महत्त्व आहे. फिजिओ कधीपासून, हे रोज विचारा, लाजू नका.

आता आपल्या हातातलं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा उंचवटा लागतो बघा, तिथं नस अगदी कातडीखालून जाते आणि पाय बाहेर कलंडून तासन्‌तास पडला की ती दबते, मग पाऊल लोंबायला लागतं. टॉवेलची गुंडाळी मांडीच्या बाहेरून लावा म्हणजे पाय कलंडत नाही. कोपराखाली मऊ घडी ठेवा. टाच गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली घडी घाला. आणि आपली सोलापुरी चादर मायेनं पायावर घालतो ना, ती जड असते, तिच्या वजनानं पावलं खाली झुकतात, ती पोटरीपर्यंतच ठेवा. आम्हाला हे फार उशिरा कळलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

भाकरी मागितली तरी डॉक्टरांनी गिळणं तपासल्याशिवाय घासभरसुद्धा देऊ नका, ठसका लागून अन्न फुफ्फुसात जातं.

नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, त्यामुळं पावलं सगळ्यात शेवटी येतात, महिने लागतात. वहीत तारीख घालून लिहा, आज चमचा धरला, आज कुशीवर वळली. आई चौथ्या महिन्यात वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत आली, डावं पाऊल अजून घासतंय, पाऊल सरळ धरणारी पट्टी, म्हणजे स्प्लिंट, चालू आहे.