कॅम्परव्हॅनच्या टाकीत बिघाड आहे की दुसरीकडेच? घरच्या घरी कसं शोधायचं

कॅम्परव्हॅनमध्ये, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीत, वास यायला लागला की बहुतेक जण पहिलं काम करतात ते म्हणजे केमिकलची बाटली आणायची आणि ब्लॅक टँकमध्ये, म्हणजे संडासाच्या टाकीत ओतायची, दोन दिवस बरं वाटतं आणि मग वास परत हजर. कारण बऱ्याचदा बिघाड टाकीत नसतोच, तो असतो बेसिनखालच्या ट्रॅपमध्ये (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा वाकडा पाईप), कमोडच्या रबरात नाहीतर टाकीतली हवा छतावर सोडणाऱ्या व्हेंट पाईपात. आणि टाकी भरली असं खोटंच दाखवत असेल तर तो असतो पातळी मोजणाऱ्या सेन्सरवर. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, आधी शोधा मग ओता. शोधायला जे लागतं ते सगळं घरात असतं.

२०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईत अशा गाड्यांबद्दल विचारणारे बरेच भेटतात, पण टाक्यांबद्दल मराठीत फारसं कोणी लिहीत नाही. तर थोडक्यात सांगतो, फ्रेश टँक म्हणजे चांगलं पाणी, ग्रे टँक म्हणजे बेसिन आणि बाथरूमचं सांडपाणी, ब्लॅक टँक म्हणजे संडासाची टाकी. छोट्या गाड्यांत ब्लॅक टँकच्या जागी बाहेर ओढून काढता येणारी १८-२० लिटरची कॅसेट असते, तिलाही खालचं बरंचसं लागू पडतं.

सुरू करायच्या आधी

हातात ग्लोव्ह्ज घाला, दारं-खिडक्या उघडा, गॅस सिलिंडर बंद करा आणि जवळपास काडी, सिगारेट, अगरबत्ती काहीही पेटवू नका, कारण टाकीतल्या वायूत मिथेन असतो. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि ह्या वायूने नाक बधिर होतं, त्यामुळे "आता वास गेला वाटतं" असं वाटलं तरी आधी बाहेर मोकळ्या हवेत थोडा वेळ जाऊन या आणि मग परत हुंगा. अजून एक, संडास साफ करायचं अ‍ॅसिडवालं लिक्विड आणि ब्लीच एकत्र कधीच ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि एवढ्याशा बंद गाडीत तो जिवावर बेतू शकतो.

मीटर खरं बोलतंय का ते बघा

टाकी पूर्ण रिकामी करा, दोनदा पाणी भरून सोडा, आणि मग टाकीची पातळी दिव्यांनी दाखवणारं पॅनेल बघा. तरीही "दोन तृतीयांश भरली" असं दाखवत असेल तर टाकी निर्दोष आहे, खोटं मीटर बोलतंय. बहुतेक गाड्यांत टाकीच्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर स्क्रूसारखे प्रोब बसवलेले असतात, पाणी त्यांच्यापर्यंत पोचलं की करंट वाहतो आणि दिवा लागतो. त्या प्रोबवर कागदाचा लगदा, साबणाचा चिकट थर नाहीतर क्षार बसला की पाणी नसतानाही करंट वाहत राहतो. आपल्याकडे ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात कितीतरी सोसायट्या टँकर आणि बोअरवर चालतात, ते पाणी जड असलं की क्षाराचा पांढरा थर लवकर धरतो.

आता प्रोब खराब की वायरिंग, हे असं ओळखायचं. लागलेल्या दिव्यांपैकी सगळ्यात वरचा दिवा ज्या प्रोबचा आहे, गाडीखाली जाऊन त्याची वायर काढा. दिवा विझला म्हणजे वायरिंग ठीक आहे, प्रोबच माखलाय. वायर काढूनही दिवा लागलेलाच राहिला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा पॅनेल गेलंय, मग टाकीत कितीही काहीही ओता, फरक पडणार नाही. (टाकीला बाहेरून चिकटवलेले सेन्सर असतील तर ही टेस्ट चालत नाही.)

प्रोब माखला असेल तर टाकी अर्धी कोमट पाण्याने भरा, उकळतं नको, त्यात भांड्यांचं लिक्विड घाला आणि गाडी घेऊन गायमुखपर्यंत एक फेरी मारून या, रस्त्याचे धक्के इथे कामाला येतात. क्षाराचा संशय असेल तर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवा. त्या वेळी टाकीत ब्लीच गेलेलं नसावं एवढं बघा.

आणि एक काम प्रत्येकाने एकदा तरी कराच. रिकाम्या ग्रे टँकमध्ये २० लिटरच्या जारने मोजून पाणी घाला आणि कितव्या जारला कुठला दिवा लागला ते कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आत चिकटवा. पॅनेल पुढे बिघडलं तरी हा कागद उपयोगी पडतो, शिवाय टाकीत खरं किती मावतं तेही कळतं, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन हे घाट चढताना लक्षात ठेवायला हवं.

वास कुठून येतोय

इथे वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त चुकीची दुरुस्ती इथेच होते. रात्री बेसिन, बाथरूमची जाळी आणि कमोड, प्रत्येकावर एक एक प्लॅस्टिकची पिशवी ताणून चारी बाजूंनी टेप लावा. सकाळी एकेक पिशवी थोडीशी उघडून नाकापासून लांब धरून हाताने वारा घेत हुंगा. जिथे भपकारा आला तिथे दोष.

बाथरूमच्या जाळीतून आला तर बहुतेक ट्रॅप सुकलाय. मे महिन्यात गाडी पार्किंगमध्ये पडून राहिली की ट्रॅपमधलं पाणी उडून जातं, आणि माळशेज किंवा कसारा घाट उतरल्यावर हिंदकळून बाहेरही पडतं. एक मग पाणी ओता, तासाभरात वास थांबला की निदान झालं. बेसिनखाली पाण्याचा ट्रॅप नसून रबराच्या पडद्याचा व्हॉल्व्ह असेल तर त्या पडद्यात भाताचं शीत किंवा चहाची पत्ती अडकलीय का बघा.

कमोडमधून आला तर झोपताना कमोडमध्ये थोडं पाणी ठेवा आणि पाण्याच्या रेषेवर टेपचा तुकडा लावा. सकाळी पाणी खाली गेलेलं असेल तर तळाचं रबर सील धरत नाहीये. आधी सीलची कड आणि खाच जुन्या टूथब्रशने नीट घासा, बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं, मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियमने काही रबरं फुगतात आणि सैल पडतात.

फ्लश केल्यावरच भपकारा येत असेल तर छतावरचा एक्झॉस्ट फॅन चालू होता का ते आठवा. फॅन गाडीतली हवा बाहेर फेकतो, फ्लश करताना कमोडच्या तळाचं झाकण उघडलं की तो टाकीतली हवा वर ओढतो. फ्लशच्या आधी फॅन बंद, एवढाच उपाय, खर्च शून्य.

फ्लश करताना गुडगुड आवाज येऊन बुडबुडे वर येत असतील तर व्हेंट तुंबलाय. छतावर चढून पाईपाचं टोपण काढा आणि टॉर्च मारा, पालापाचोळा असतो, कधी कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं. पाईप साफ आहे पण टाकी अर्ध्यावर गेली की मगच वास सुरू होतो, असं असेल तर व्हेंटचा पाईप टाकीत जास्त खोल घुसवलेला असण्याची दाट शक्यता, पाणी वर आलं की त्याचं तोंड बुडतं. हे गाडी बनवणाऱ्याकडूनच नीट करून घ्यावं लागतं.

टाकी पटकन भरते किंवा आपोआप भरते

जेट स्प्रेमुळे आपल्याकडे कागद कमी पण पाणी जास्त जातं, त्यामुळे ब्लॅक टँक लवकर भरणं हा बिघाड असेलच असं नाही. पण कोणी वापरली नाही तरी पातळी वाढत असेल तर सगळे नळ बंद करून रात्री पंप ऐका. मधूनमधून पंप स्वतःच दोन-तीन सेकंद घरघरतोय म्हणजे कुठेतरी पाणी सुटतंय, आणि बाहेर ओल दिसत नसेल तर बहुतेक कमोडचा पाण्याचा व्हॉल्व्ह गळून सगळं टाकीत जातंय.

टाकी रिकामी होत नाही

हँडल ओढलं पण धार बारीक, तर आधी खाली वाकून व्हॉल्व्हची पाती खरंच सरकतेय का ते बघा, लांब केबलवाल्या व्हॉल्व्हमध्ये केबल सुटली तरी हँडल छान सरकतं. पाती ठीक असेल तर ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवायची सवय होती का ते तपासा, तसं केलं की पाणी निघून जातं आणि घट्ट मळ कमोडच्या बरोबर खाली ढीग करून बसतो. व्हॉल्व्ह बंद करून टाकी अर्ध्याच्या वर पाण्याने भरा, एक-दोन दिवस भिजू द्या, मग एकदम सोडा. सळई घालून टोचू नका, टाकी फुटली की काम वाढलं.

ग्रे टँक तुंबली तर नव्वद टक्के तेल. मिसळीची तर्री असलेली ताटली सरळ बेसिनमध्ये धुतली की तो तवंग पाईपात थिजतो, धुवायच्या आधी कागदाने पुसून घ्यायची. गाडी उताराकडे झुकलेली असेल तर आधी ती सपाट जागी घ्या, कधी कधी तेवढंच कारण निघतं.

खाली ओल दिसते

तळ पुसून कोरडा करा, ब्लॅकमध्ये लाल आणि ग्रेमध्ये हिरवा खायचा रंग घाला, खाली वर्तमानपत्र पसरा. सकाळी डागाचा रंग बघा. डाग बिनरंगी असेल तर गळती फ्रेशची. टाकी पूर्ण भरल्यावरच गळत असेल तर वरच्या पाईपाचा जोड, सतत गळत असेल तर व्हॉल्व्हचं सील किंवा तडा.

ह्या सगळ्यात टाकी बरेचदा रिकामी करावी लागते, तर आधी ब्लॅक सोडा मग ग्रे, म्हणजे त्या पाण्याने होज धुतला जातो. पण पावसाच्या पाण्याच्या गटारात अजिबात नको, ती पाणी सरळ खाडीत नेतात आणि ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारून ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडा. सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट असेल तर तिथल्या ऑपरेटरला आधी सांगा आणि फॉर्मल्डिहाइडवालं केमिकल टाकीत असेल तर तिथे ओतू नका, त्याने एसटीपीतले जिवाणू मरतात.

वर्कशॉपला जावंच लागलं तर नुसतं "वास येतो" असं सांगू नका, कुठल्या पिशवीत वास आला, कितव्या जारला दिवा लागला, डाग कुठल्या रंगाचा होता हे लिहून न्या. कारागीर मग टाकी उतरवायच्या आधी तेवढीच जागा उघडून बघेल आणि तुमचे मजुरीचे पैसे वाचतील.