अणूंची हालचाल क्ष-किरणांनी कशी दिसते? समजावताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनासाठी ‘रेणूंचा सिनेमा’, म्हणजे क्ष-किरणांनी टिपलेली रेणूंमधल्या अणूंची हालचाल, हा विषय घेणारी मुलं फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या हायर सेकंडरीत भेटतात, आणि भेटली की मनापासून आनंद होतो. अकरावी-बारावीच्या मुलांनी फेमटोसेकंदाशी (सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागाशी) झटापट करावी, यासारखं दुसरं काय? पण तक्त्यासमोर उभं राहून परीक्षकांनी ‘हे चित्र नेमकं कुणाचं?’ असं विचारलं की बहुतेकांची गाडी अडते. चुका ठरावीक आहेत, आणि थोडी काळजी घेतली तर सगळ्या टाळता येतात.

एकाच रेणूचा व्हिडिओ समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच. बाकीच्या अर्ध्या चुका हिच्याच पोटी जन्म घेतात.

पाडेली माडावरून एकेक नारळ खाली सोडतोय अशी कल्पना करा. तुमच्याकडे कॅमेरा आहे, पण एका नारळाचा एकच फोटो काढता येतो. मग पहिल्या नारळाचा फोटो सुटल्याबरोबर, दुसऱ्याचा थोड्या उशिराने, तिसऱ्याचा आणखी उशिराने. सगळे फोटो वेळेच्या क्रमाने लावले की नारळ पडताना दिसतो. मात्र प्रत्येक फोटोतला नारळ वेगळा असतो.

प्रयोगात हेच घडतं. आधी लेसरचा एक स्पंद, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत, रेणूंना ऊर्जा देतो आणि तिथून घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या उशिराने क्ष-किरणांचा स्पंद येतो आणि त्या क्षणाची रचना टिपतो. एका स्पंदात असंख्य रेणू सापडतात. पुढच्या स्पंदाला नवा नमुना, नवे रेणू. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत 2009 साली सुरू झालेलं एलसीएलएस हे क्ष-किरण लेसर यंत्र सेकंदाला 120 स्पंद देत असे. हॅम्बुर्गजवळचं 3.4 किलोमीटर लांबीचं तसंच यंत्र, युरोपियन एक्सएफईएल, 2017 पासून चालू आहे, आणि त्याची क्षमता सेकंदाला 27,000 स्पंदांची आहे.

हा ‘उशीर’ मोजतात कसा, हे तक्त्यावर जरूर दाखवा. प्रकाश एका फेमटोसेकंदात जेमतेम 0.3 मायक्रोमीटर जातो. लेसरच्या वाटेतली आरशांची जोडी 1 मायक्रोमीटर मागे सरकवली की प्रकाशाची जा-ये मिळून वाट 2 मायक्रोमीटरने वाढते, म्हणजे सुमारे 6.7 फेमटोसेकंदांचा उशीर. वेळ मोजायला अंतर वापरायचं! हे गणित मुलांनी स्वतः वहीत केलं की विषय त्यांचा होतो, मग घोकावं लागत नाही.

स्पंद छोटा म्हणजे सगळं स्पष्ट दिसणार, असं धरून चालणं

अणूंचा वेग साधारण सेकंदाला 1 किलोमीटरच्या घरात धरला तर 100 फेमटोसेकंदांत अणू 1 अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) सरकतो. बंधाची लांबीही एक-दोन अँगस्ट्रॉमच असते. म्हणून स्पंद काही दहा फेमटोसेकंदांचा हवा, इथपर्यंत मुलं बरोबर सांगतात. पुढचं राहून जातं. लेसर आणि क्ष-किरण दोन वेगळ्या यंत्रांतून येतात, त्यामुळे त्यांची वेळ दर खेपेला थोडी पुढेमागे होते.

समजा लेसरचा स्पंद 50 फेमटोसेकंदांचा, क्ष-किरणांचा 30 चा आणि ही पुढेमागे 150 ची. तिघांचे वर्ग करून बेरीज घ्या आणि वर्गमूळ काढा: सुमारे 161 फेमटोसेकंद. वेळेतला एकूण धूसरपणा तो एवढा. स्पंद आणखी छोटा करून इथे काहीच हाती लागत नाही, कारण खरा दोष वेळ न जुळण्यात आहे. यावर उपाय असा: त्याच क्ष-किरण स्पंदाने एका पातळ पापुद्र्याचे प्रकाशीय गुण क्षणात बदलतात, तो बदल लेसरने वाचून प्रत्येक खेपेची खरी वेळ नोंदवायची आणि नंतर सगळ्या नोंदी त्या वेळेनुसार लावायच्या. पुढेमागे 20 वर आली की तेच उत्तर सुमारे 62 होतं.

वलयांना फोटो म्हणणं आणि रंगीत गोळ्यांना पुरावा

शोधकावर, म्हणजे विखुरलेले क्ष-किरण टिपणाऱ्या पडद्यावर, अणू दिसत नाहीत. वायूतले रेणू हवे तसे वळलेले असतात, म्हणून फिकट वलयं उमटतात. त्यातही अभ्यासकांच्या कामाचा असतो तो फरक: लेसर दिल्यानंतरचं चित्र वजा लेसरशिवायचं चित्र. हा फरक बहुधा काही टक्क्यांचाच. कुठे ऋण आकडा दिसला तर ‘अणू नाहीसा झाला’ असं लिहू नका. त्या कोनात विखुरणारे क्ष-किरण कमी झाले, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ते वळणारे रंगीत गोळे? ते संगणकातून आलेले असतात. 2015 साली एलसीएलएसवरच्या प्रयोगात 1,3-सायक्लोहेक्झाडाईन या सहा कार्बनांच्या कड्याच्या रेणूचं कडं उघडताना पाहिलं गेलं, तेव्हा आकडेमोडीने काढलेल्या अनेक संभाव्य मार्गांतून मोजमापाशी जुळणारे मार्ग निवडले गेले. चित्राखाली ‘मोजमापाशी जुळवलेलं संगणकीय चित्र’ असं लिहिलं तर त्याची किंमत कमी होत नाही. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, म्हणून एकच इलेक्ट्रॉन असलेला हायड्रोजन त्यात जवळजवळ दिसतच नाही, हेही त्याच ओळीत बसतं.

नोबेल आणि यंत्रांची सरमिसळ

हे थोडक्यात. अहमद झेवेल यांचं 1999 चं नोबेल लेसरच्या फेमटोसेकंद स्पंदांसाठी होतं. 2023 चं अ‍ॅटोसेकंद (फेमटोसेकंदाचा हजारावा भाग) स्पंदांसाठी होतं, आणि तो इलेक्ट्रॉनांचा काळ आहे. इंदूरचं इंडस-2 हे सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून क्ष-किरण काढणारं यंत्र. तशा यंत्रांचे नेहमीचे स्पंद पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद) मोजतात, म्हणजे इथल्या गरजेपेक्षा हजारपटीने लांब.

लेसर जितका जोरात तितकं बरं, असा समज

खुणा ठळक दिसाव्यात म्हणून लेसरचा जोर वाढवला तर एका रेणूत दोन-दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) शिरतात आणि निसर्गात न होणारीच क्रिया आपण बघत बसतो. प्रथिनांच्या अभ्यासात यावर बराच खल झाला. 2024 साली मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनावर प्रसिद्ध झालेल्या कामात जोर बदलला की हालचालीचं चित्रही बदलतं, असं दिसलं. तपासायची रीत सोपी आहे: ऊर्जा दुप्पट केली की खूण दुप्पट व्हावी. चौपट झाली तर दोन फोटॉनांचा संशय घ्यावा.

तक्त्यासाठी एकच उदाहरण निवडायचं असेल तर माझं मत सायक्लोहेक्झाडाईनलाच. तसंच कडं उघडणं आपल्या त्वचेत ऊन पडल्यावर होतं आणि तिथून ड जीवनसत्त्व तयार व्हायला सुरुवात होते. बारावीच्या मुलांना तो रेणू काढता येतो, उघडणारा बंध बोटाने दाखवता येतो, आणि परीक्षकांनी विचारलं तर ‘असंख्य रेणूंची, वेगवेगळ्या उशिरांनी घेतलेली मोजमापं’ हे उत्तर सायक्लोहेक्झाडाईनकडे बोट दाखवतच देता येतं.