ओहमच्या नियमाचा प्रयोग: या चुका टाळा

महाराष्ट्र बोर्डाच्या नववीच्या विज्ञानात ‘धाराविद्युत’ प्रकरणात ओहमचा नियम येतो: तापमान स्थिर असेल तर तारेच्या टोकांमधले विभवांतर (V, व्होल्टमध्ये) आणि तिच्यातून वाहणारी धारा (I, ॲम्पिअरमध्ये) यांचे गुणोत्तर V/I, म्हणजेच तारेचा रोध, कायम राहतो. साहित्य मोजकेच: नायक्रोम या मिश्रधातूची तार, दोन सेल, धारा मोजणारा ॲमीटर, विभवांतर मोजणारा व्होल्टमीटर, रोध कमी-जास्त करणारा रिओस्टॅट, परिपथ चालू-बंद करणारी प्लग कळ. तरी एकाच तारेचा रोध कुणाला 3 ओहम मिळतो, कुणाला 8, आणि मग वहीत आकडे ‘बसवले’ जातात. त्याची काहीच गरज नाही. परिपथातली जवळपास प्रत्येक चूक काट्यांवर आपली खूण दाखवते. ती वाचायला शिका.

पुढचे आकडे 28 गेजच्या, म्हणजे सुमारे 0.376 मिमी व्यासाच्या, 50 सेमी नायक्रोम तारेसाठी आहेत. तिचा रोध साधारण 5 ओहम. 1.5 व्होल्टचे दोन सेल एकसर (एकापुढे एक) जोडलेले, म्हणजे 3 व्होल्ट. ॲमीटर 0 ते 500 मिलिॲम्पिअरचा.

जोडणी

ॲमीटर एकसर, व्होल्टमीटर समांतर (तारेच्या दोन टोकांवर), हे पाठ सगळ्यांना असते. अदलाबदल झाली तर काय दिसते, हे माहीत नसते. व्होल्टमीटरचा रोध खूप मोठा, त्यामुळे तो चुकून एकसर जोडला की ॲमीटर शून्यावरच राहतो आणि व्होल्टमीटर जवळपास पूर्ण 3 व्होल्ट दाखवतो. उलट ॲमीटरचा रोध अगदी कमी. तो थेट सेलच्या दोन टोकांना लावला तर काटा जोरात शेवटाला आदळतो आणि आतले वेटोळे जळू शकते. कळ लगेच काढा. काटा शून्याच्या डावीकडे दबत असेल तर मीटरच्या + आणि − टोकांच्या तारा उलट झाल्या आहेत.

सर्वांत जास्त घोळ रिओस्टॅटवर होतो. त्याला तीन टोके असतात: दोन खाली, एक वर सरकपट्टीच्या दांड्यावर. एक तार खाली आणि एक वर, अशीच जोडणी हवी. दोन्ही तारा खालच्या टोकांना लावल्या तर पूर्ण रोध कायम परिपथात राहतो आणि सरकपट्टी कुठेही न्या, काटा हलत नाही. सुरुवात नेहमी जास्तीत जास्त रोधापासून करा. रोध शून्यावर असताना कळ लावली तर 3 ÷ 5 म्हणजे 0.6 ॲम्पिअरच्या आसपास धारा वाहू पाहते आणि हा ॲमीटर अपुरा पडतो.

आणखी एक फसवी चूक: व्होल्टमीटरच्या तारा फक्त नायक्रोमच्या टोकांवर न लावता रिओस्टॅटसह दोघांवर लावणे. मग सरकपट्टी हलवली की धारा बदलते, पण व्होल्टमीटर मात्र 3 व्होल्टच्या आसपास अडून राहतो.

काटा थरथरत असेल तर तारांची टोके पाहा. एनॅमलचा लेप किंवा काळपटपणा पॉलिश पेपरने घासून काढा, स्क्रू घट्ट करा, प्लग थोडा पिळून बसवा.

वाचन

कळ लावण्याआधी दोन्ही काटे शून्यावर आहेत का पाहा. ॲमीटरचा काटा आधीच 20 मिलिॲम्पिअरवर असेल तर 0.5, 1.0 आणि 1.5 व्होल्टला वाचन 100, 200, 300 ऐवजी 120, 220, 320 येते. V/I काढल्यावर 4.17, 4.55, 4.69 ओहम मिळतात. उत्तर हळूहळू चढत जाणे हीच शून्य त्रुटीची खूण. प्रत्येक वाचनातून 20 वजा करा.

मिलिॲम्पिअरचे ॲम्पिअर करायला विसरू नका: 1.5 ÷ 300 नव्हे, 1.5 ÷ 0.3. तबकडीखाली आरसा असेल तर काटा आणि त्याची प्रतिमा एकावर एक दिसतील तेव्हाच वाचा.

कळ लावून ठेवू नका

वाचन घेतले की प्लग काढा. धारा सतत चालू ठेवली तर तार तापते. तापमान स्थिर असेल तरच हा नियम लागू होतो. नायक्रोमचा रोध तापल्यावर फारसा वाढत नाही, म्हणून तर ही तार निवडतात, पण सेल लवकर उतरतात आणि तुम्ही पाहत असतानाच काटे खाली घसरू लागतात. खुद्द जॉर्ज सायमन ओहम यांनाही त्या काळच्या बॅटरीच्या अस्थिरतेचा त्रास झाला होता. 1826 च्या प्रयोगांत त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांची जोडी वापरली, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून, कारण सांध्यांच्या तापमानातील फरकामुळे तयार होणारे तिचे विभवांतर स्थिर राहते.

आलेख

बिंदू एकमेकांना तुटक रेषांनी जोडू नका. जास्तीत जास्त बिंदूंच्या जवळून जाणारी एकच सरळ रेषा काढा. चढासाठी दोन बिंदू त्या रेषेवरचे, एकमेकांपासून लांबचे घ्या. आडव्या अक्षावर I आणि उभ्यावर V असेल तर चढ म्हणजे रोध. अक्ष उलटे असतील तर चढाचा व्यस्त घ्यावा लागतो. कोनमापक लावून कोनाचा टॅन काढणे साफ चूक, कारण अक्षांचे प्रमाण बदलले की कोनही बदलतो.

आलेखाचा खरा फायदा वरच्याच उदाहरणात दिसतो. 20 मिलिॲम्पिअरची त्रुटी तशीच राहिली तरी 0.5 ते 1.5 व्होल्टमध्ये धारा 200 मिलिॲम्पिअरनेच वाढते. चढ 1.0 ÷ 0.2, बरोबर 5 ओहम. रेषा फक्त आरंभबिंदूतून जात नाही. ती ओढूनताणून तिथून नेऊ नका.

काही ठिकाणी नायक्रोमऐवजी टॉर्चचा बल्ब लावतात आणि रेषा वाकली म्हणून विद्यार्थी घाबरतात. ती वाकायलाच हवी. टंगस्टनची तार पांढरी तापते तेव्हा तिचा रोध थंड असतानाच्या कित्येक पट होतो. प्रत्येक बिंदूला V/I काढता येतो आणि तिथला रोधही मिळतो, पण तो दर बिंदूला वेगळा असतो. म्हणून बल्बच्या आलेखाखाली ‘ओहमचा नियम सिद्ध झाला’ असे लिहू नका.